फिश टँकमध्ये गोगलगाय सोडताय? आधी तिच्या 'पोटातले पाय' ओळखा!

२०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले शेतकरी भल्या पहाटे बादल्या घेऊन सोयाबीनच्या रानात उतरत होते. रात्रीतून कोवळी रोपं फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हेच काम होऊन बसलं होतं. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

त्याच मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगरमध्ये मात्र फिश टँकच्या दुकानात गोगलगाय पैसे मोजून विकत घेतली जाते! अर्थात ही गोगलगाय वेगळी, पाण्यात राहणारी. पिवळी, निळसर, काळ्या पट्ट्यांची. काचेवरून सावकाश सरकणारी ही स्वारी रील्समध्ये तर फारच देखणी दिसते.

"टाकी साफ ठेवते, काही खायला लागत नाही, माशांना त्रास देत नाही," असं म्हणून ती घरी येते. या तिन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. आणि उरलेलं अर्धं माहीत नसलं, की महिनाभरात एकतर गोगलगाय मरते, नाहीतर टाकीभर पिल्लं होतात.

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण लबाड माणसासाठी वापरतो. पण शास्त्राच्या दृष्टीनेही ती अचूक आहे. गोगलगायीच्या वर्गाचं मराठी नाव आहे 'उदरपाद', म्हणजे पोट हाच जिचा पाय. चला तर मग, या पोटात नेमकं काय दडलंय ते समजून घेऊया.

गोगलगाय खरंच टाकी साफ करते का?

ती साफसफाई करते, पण सफाई कामगार म्हणून नाही, खवय्या म्हणून! काचेवरचं हिरवं शेवाळ, झाडांची सडकी पानं, तळाशी पडलेलं माशांचं उरलेलं खाणं, हे सगळं ती खाते. तिच्या तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते. तिच्यावर हजारो बारीक दात असतात आणि त्यांनी ती शेवाळ खरवडून काढते.

पण जे खाल्लं ते विष्ठा होऊन पुन्हा पाण्यातच येतं. त्यातून माशांच्या विष्ठेसारखाच अमोनिया तयार होतो. म्हणजे टाकीत गोगलगाय आली की फिल्टरवरचं काम कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. त्यामुळे दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं आणि तळाचा गाळ ओढून काढणं याला सुट्टी नाही.

आणि हो, गोगलगाय माशांची विष्ठा खाऊन संपवते हा निव्वळ गैरसमज आहे.

कोणती घ्यायची, कोणती टाळायची?

दुकानात सगळ्यांना 'स्नेल' म्हणत असले, तरी प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो.

• मिस्ट्री स्नेल: सुपारीएवढी किंवा थोडी मोठी, रंगीत. मूळची दक्षिण अमेरिकेतली. नवशिक्यांसाठी सर्वात सोयीची, कारण हिच्यात नर-मादी वेगळे असतात आणि अंडी पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला गुलाबीसर झुपक्यात घातली जातात. झुपका दिसला की काढता येतो. मात्र मादी आधीच्या मिलनातलं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. त्यामुळे 'एकच आणली, तरी अंडी कशी?' हे कोडं पडू देऊ नका.

• नेराइट: छोटी, पट्टेदार. शेवाळ खाण्यात हिचा हात कुणी धरत नाही. हिची पिल्लं वाढायला खारं किंवा मचूळ पाणी लागतं, त्यामुळे गोड्या पाण्यात संख्या वाढत नाही. फक्त लाकडावर, दगडांवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटलेली राहतात. टाकी नवी असेल आणि शेवाळच नसेल, तर ही उपाशी मरते.

• रॅम्सहॉर्न: चकलीसारखी चपटी, गुंडाळलेली. दिसायला छान. पण प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे वाढ झपाट्याने होते.

• ट्रम्पेट स्नेल: लांबट, टोकदार. भारतातही नैसर्गिकरीत्या सापडते. दिवसा वाळूत पुरून घेते आणि वाळू खालीवर करते, हे चांगलं. पण ती थेट पिल्लं घालते, तेही नराशिवाय. एकदा आली की सहसा जात नाही.

• ब्लॅडर स्नेल: ही कुणी विकत घेत नाही. नव्या झाडांबरोबर फुकट येते!

कोणत्या माशांबरोबर जमतं?

गप्पी, मॉली, प्लॅटी, झेब्रा डॅनिओ, निऑन टेट्रा, कोरिडोरास असे शांत मासे असतील तर गोगलगाय सुखात राहते.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि इतर मोठ्या सिक्लिडच्या टाकीत मात्र ती सोडणं म्हणजे त्यांना नाश्ता वाढणं. लोच जातीच्या माशांचं आणि पफरचं तर गोगलगाय हे आवडतं खाद्य. टायगर बार्ब, मोठा गोल्डफिश आणि काही फायटर मासे तिच्या मिशांसारख्या स्पर्शिका कुरतडतात. मासा तिला मारत नाही, पण ती घाबरून शंखाबाहेर येणं सोडते आणि उपासमारीने मरते. 'काही कारण नसताना मेली' असं वाटतं, त्यामागे अनेकदा हे कारण असतं.

किती ठेवायच्या? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर उरतं ४५ लिटरच्या आसपास. मासे बेताचेच असतील तर एवढ्या टाकीला दोन, फार तर तीन मिस्ट्री स्नेल पुरे.

शंखाचा सगळा खेळ पाण्यावर

इथे संभाजीनगरकरांना एक गोष्ट फायद्याची आहे आणि एक चूक महागात पडू शकते.

गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा. पाण्यात क्षार असतील तर शंख घट्ट वाढतो. पाणी मऊ आणि आम्लधर्मी असेल तर तो विरघळायला लागतो. आधी चकाकी जाते, मग पांढरे चट्टे पडतात, नंतर खड्डे आणि शेवटी भोकं.

शहरातल्या ज्या बोअरच्या पाण्याने बादल्यांवर आणि नळांवर पांढरा थर चढतो, ज्याच्या नावाने घरोघरी बोटं मोडली जातात, ते जड पाणी गोगलगायीला मानवतं! गप्पी आणि मॉलीलाही ते चालतं.

चूक होते ती इथे. 'माशांना शुद्ध पाणी द्यावं' म्हणून काही जण टाकीत आरओचं पाणी भरतात. आरओमध्ये क्षार जवळजवळ संपलेले असतात. अशा पाण्यात शंख हळूहळू झिजत जातो. टाकीत आरओचं पाणी वापरायचंच असेल, तर त्यात जड पाणी मिसळावं. जोडीला समुद्रफेणाचा तुकडा टाकीत ठेवावा. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावायला तो दुकानात मिळतो.

नळाच्या आणि टँकरच्या पाण्याचं गणित वेगळं. त्यात क्लोरीन असतं. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ड्रम भरून ठेवण्याची सवय इथे घराघरात आहे. तीच इथे कामाला येते. एक-दोन दिवस साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. ड्रमवर कापड मात्र घट्ट बांधा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय व्हायची. ताजं पाणी लगेच घालायचं असेल, तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय घालू नका.

आणि एक शत्रू कायमचा लक्षात ठेवा: तांबं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की दिल्या जाणाऱ्या काही औषधांत तांब्याचे क्षार असतात. माशाला सोसणारी मात्रा गोगलगायीचा जीव घेते. बाटलीवरचा मजकूर वाचा, किंवा औषध आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून द्या. तांब्याच्या हंड्यातलं पाणीही टाकीत नको.

एप्रिल-मे कसा काढायचा?

मिस्ट्री स्नेलला २२ ते २८ अंश तापमान सोयीचं. संभाजीनगरात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा टाकीचं पाणी तिशीपार जाऊ शकतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यातच वीज गेली आणि फिल्टर बंद पडला, तर सगळ्यांचाच श्वास कोंडतो.

मिस्ट्री स्नेलकडे यावर उपाय असतो. तिला कल्ल्याबरोबर फुफ्फुसासारखा अवयवही असतो आणि सोंडेसारखी नळी पाण्याबाहेर काढून ती हवा घेते. म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन इंच जागा ठेवा. पण झाकण हवंच. ही गोगलगाय रात्री बाहेर निघते आणि सकाळी सोफ्याखाली सापडते!

पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा आला तरी तापमान थोडं उतरतं. वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर मात्र मऊ पाण्याने घाला. वाफ उडते, क्षार मागेच राहतात आणि दर वेळी जड पाणीच ओतत गेलात तर ते वाढत जातात. आरओचं पाणी वापरायची योग्य जागा हीच.

वाळूत राहणाऱ्या ट्रम्पेट स्नेल भरदिवसा एकदम काचेवर चढल्या, तर ती धोक्याची घंटा समजा. अनेकदा ऑक्सिजन कमी झालेला असतो किंवा पाणी खराब झालेलं असतं.

सोडताना घाई नको

१. टाकी नवी असेल तर निदान चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला एवढा वेळ लागतो.

२. दुकानातून आणलेली पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग पाऊण-एक तासात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत जा. नंतर फक्त गोगलगाय टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या.

३. पहिला दिवस-दोन दिवस ती शंखात मिटून बसू शकते. मेली की जिवंत, हे ओळखायला वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास सहन होत नाही. तिला लगेच काढा, कारण सडलेली एक गोगलगाय छोट्या टाकीचं पाणी नासवू शकते.

४. शेवाळ कमी असेल तर खायला घाला. उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, काकडीची चकती, दुधीचा तुकडा. भाजी नीट धुवा, कारण कीटकनाशकाचा अंश घातक ठरतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका.

पिल्लं भरमसाठ झाली तर?

दोष गोगलगायीला देण्याआधी माशांच्या खाण्याच्या डबीकडे बघा. घरातला प्रत्येक जण 'चिमूटभरच' टाकतो आणि दिवसाअखेर चार चिमटी होतात. जे मासे खात नाहीत, ते गोगलगायी खातात आणि वाढतात. टाकीतली गोगलगायींची संख्या म्हणजे वाया गेलेल्या खाण्याचा हिशोब! मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं द्या, संख्या आपोआप उतरते.

रात्री काकडीची चकती तळाशी ठेवा आणि सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट उचला. मिस्ट्री स्नेलची अंडी काढून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच कचऱ्यात टाका.

नवी झाडं आणली की चार लिटर पाण्यात एक-दोन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवा आणि स्वच्छ धुवा. फुकटचे पाहुणे बरेचसे दारातच थांबतात. गोगलगाय मारायचं औषध मात्र टाळा. शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की त्यांच्या सडण्याने मासेही जातात.

तळ्यातली आणू नका, टाकीतली तळ्यात सोडू नका

'हर्सूल तलावात फुकट मिळते की!' हा मोह टाळा. निसर्गातल्या काही गोगलगायींच्या अंगात परजीवी कृमींच्या अळ्या वाढतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार आढळला आणि १९५२ साली तो वैद्यकीय नोंदीत आला. हा आजार पसरवणारे कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगात वाढतात. भारतात असे रुग्ण दुर्मीळ, पण धोका ओढवून कशाला घ्यायचा? टाकीत हात घातल्यावर साबणाने धुण्याची सवय मुलांना लावाच.

आता उलट प्रवास. कंटाळा आला, घर बदललं, की उरलेल्या गोगलगायी सलीम अली सरोवरात किंवा खाम नदीत सोडल्या जातात. 'मारण्यापेक्षा सोडलेलं बरं' हा भाव चांगला, पण परिणाम वाईट होऊ शकतो. मिस्ट्री स्नेलचीच एक नातेवाईक, गोल्डन ॲपल स्नेल, १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली गेली. तिथून ती आशियाभर पसरली आणि भातशेतीची मोठी शत्रू झाली. या कुळाची आयात युरोपीय संघाने २०१२ साली बंद केली.

आणि सोयाबीन खाणारी ती शंखी गोगलगाय? तीही मूळची आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रज शंखसंग्राहकाने ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडली. भारतातला तिचा प्रवास तिथून सुरू झाला, असं मानलं जातं. पावणेदोनशे वर्षांनी त्याची किंमत मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी मोजली.

खाम नदी पुढे गोदावरीला मिळते आणि संभाजीनगर ज्या नाथसागराचं पाणी पितं, तो त्याच गोदावरीवर आहे. त्यामुळे जास्तीच्या गोगलगायी दुकानदाराला परत द्या, हौशी मित्राला द्या, नाहीतर पफर पाळणाऱ्या कुणालातरी द्या. ओढ्यात, नाल्यात, तलावात मात्र एकही नको.

तुमच्या ओळखीत कुणी फिश टँक ठेवत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. दुकानात जाण्याआधी वाचला, तर एखादी गोगलगाय जगेल.