झेटा की अल्फा?

मारुतीची जिम्नी 2023 मध्ये आली ती झेटा आणि अल्फा या दोनच प्रकारांत, आणि खान्देशापुरता माझा कौल झेटाला आहे. काळ्या मातीत रुतलेली गाडी ज्याच्या जोरावर बाहेर निघते ते सारं, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह, लो गिअर, 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, दोन्हींत सारखंच, सहा एअरबॅगही. अल्फाचे जादा पैसे जातात मोठ्या स्क्रीनला, अलॉय चाकांना, क्रूझ कंट्रोलला. यावल-पालच्या दगडधोंड्यांत लोखंडी चाक वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. अलॉय तडकलं की बहुधा बदलावंच लागतं. जळगावच्या 45 अंशांत अल्फातला ऑटोमॅटिक एसी हवाच, असं कुणी म्हणेल. पण गारवा कॉम्प्रेसर देतो, बटण नव्हे. रात्री-अपरात्री धुळ्याहून लळिंग घाट ओलांडणाऱ्यांनी मात्र अल्फाच्या एलईडी दिव्यांचा विचार जरूर करावा.