बोटांनी वाचायचे पान

घरात अंध मूल असेल, तर त्याच्या धड्याची ब्रेल प्रत आता संगणकावर तयार होते. डक्सबरी किंवा मोफत मिळणारे लिबलुई मराठी जाणते. पण छापखान्यातली जुन्या फॉन्टची फाइल तशीच घातली, की निव्वळ कचरा बाहेर पडतो. आधी ती युनिकोडमध्ये आणावी. आपली 'रत्नागिरी'च पाहा. छपाईत 'गि'ची वेलांटी ग च्या आधी, भारती ब्रेलमध्ये नंतर. 'त्न'मधला हलन्ताचा ठिपका मात्र त च्याही आधी. एकूण 9 खाने. एक खाना हुकला, तर परीक्षेत मूल भलताच शब्द वाचणार. (उर्दू ब्रेलही डावीकडूनच वाचतात, याचे अनेकांना नवल वाटेल!) म्हणून आमचे सांगणे एवढेच: सगळ्या प्रती काढण्याआधी पहिले पान ब्रेल वाचणाऱ्याच्या बोटांखाली ठेवा. डोळसांच्या 'ठीक आहे'वर आम्ही विसंबत नाही.