लसीच्या फ्रीजवर रात्रीचा पहारा

बाळाला सुई टोचली, कार्डावर तारीख पडली, की आपण निर्धास्त होतो. पण ती लस टोचेपर्यंत नीट थंड राहिली होती का, हे आपल्या वस्त्यांत क्वचितच कोणी विचारते. गारगोटीच्या आसपासच्या डोंगराळ वाड्यांत पावसाळ्यात वीज जाते, म्हणून हे समजून घेऊया.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, हा नियम. त्यासाठी आरोग्य केंद्रात बर्फाचे अस्तर असलेला खास फ्रीज असतो. त्याचे तापमान आम्ही परिचारिका सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो. पण रात्री दोन वाजता काय झाले, ते वहीला कळत नाही.

म्हणून 2015 पासून देशात टप्प्याटप्प्याने 'ई-विन' व्यवस्था आली. फ्रीजमधला सेन्सर तापमान सतत मोजतो आणि नियम मोडला की कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो.

नियम मोडला, हे यंत्र कसे ठरवते? फ्रीजचे दार क्षणभर उघडले, पारा चढला, म्हणून लस बिघडत नाही. त्यामुळे किती अंश आणि किती वेळ, दोन्ही पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे बनलेले 30 दिवसांची नोंद ठेवणारे यंत्र 8 अंशांच्या वर सलग 10 तास गेले तर इशारा देते, उणे 0.5 अंश किंवा त्याखाली मात्र एका तासातच. कारण उष्णतेने लसीची ताकद हळूहळू घटते, पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की कामातून जातात.

यंत्र फक्त ओरडते, धावायचे माणसाने. वीज गेली तर दार बंद ठेवायचे, वेळ पडल्यास लसी बर्फाच्या कोल्डबॉक्समध्ये हलवायच्या. संदेश वाचणारे कोणी नसेल, तर पहारा असून नसल्यासारखाच.

आपण काय करायचे? कुपीवरची खूण दाखवायला सांगा. गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट हवा. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती कुपी वापरायची नाही. पण ही खूण उष्णताच दाखवते, गोठणे नाही. म्हणून गावच्या आरोग्य समितीत विचारा: वीज गेल्यावर इशारा कोणाला येतो? सुट्टीच्या दिवशी कोण धावते?

मात्र शंकेपायी लस चुकवू नका. लस घ्यायचीच, आणि ती ताकदीची मिळावी, हा आपल्या लेकरांचा हक्क आहे.