बियाणें शिवारांतच बिघडतें

पेरलेलें उगवलें नाहीं म्हणजे आपण पावसाला, जमिनीला, क्वचित् दैवालाही दोष देतों. परंतु पुष्कळदां खरा दोष आदल्या सुगींतच घडून गेलेला असतो, हें आम्ही स्वतः ठेच लागल्यावर शिकलों.

सन १९९० च्या आश्विनांत आमच्या कृष्णाकांठच्या शेतांत खरिपाच्या जोंधळ्याचीं कणसें भरलीं होतीं, तोंच परतीचा पाऊस आठ दिवस लागून राहिला. "भिजलेलें कणीस बियाण्याला धरूं नकोस," असें वडील बंधूंनीं बजाविलें होतें. पण दाणा टपोरा दिसला, आणि आमच्या पुस्तकी शहाणपणानें तोच राखला. पुढील आषाढांत ओळींतील निम्मी जागा मोकळी राहिली. दुबार पेरणी करावी लागली. बंधू एक शब्दही बोलले नाहींत, आणि तेंच अधिक जिव्हारीं लागलें.

यामागील कारण असें. जोंधळ्याचा दाणा पूर्ण भरला, कीं त्याच्या बुडाशीं काळा ठिपका उमटतो. ताटाकडून येणारें पोषण तेव्हां थांबतें व उगवणशक्ति बहुधा शिखरास पोंचलेली असते. त्यापूर्वींच कापणी केली तर दाणा पोंचट राहतो व अंकुरास पुरेशी शिदोरी मिळत नाहीं. नंतर पाऊस लागला तर बुरशी शिरते, गर्भ झिजतो. कधीं कणसांतच मोड येतात. टपोरेपणा हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे.

मंगळवेढ्याच्या शाळूची थोरवी येथेंच आहे. हा रब्बीचा जोंधळा काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर वाढतो आणि माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेंत पिकतो. म्हणून त्याचा दाणा स्वच्छ राहतो. मात्र दाणे भरतांना ओल सरली, तर तोही बारीक पडतो.

'कृषिपराशर' या प्राचीन संस्कृत ग्रंथांत बीं माघांत वा फाल्गुनांत गोळा करून उन्हांत नीट वाळवावें, असें सांगितलें आहे. यांत मर्म आहे. कारण ओलें बीं श्वसनांत आपलीच शिदोरी संपवितें. आजच्या बीजप्रमाणीकरणाच्या नियमांतही जोंधळ्याच्या बियाण्यांत ओलावा शेंकडा १२ हून अधिक व उगवण शेंकडा ७५ हून कमी चालत नाहीं.

आमच्या घरीं आतां एक नेम आहे. पेरणीपूर्वीं सुना-नातवंडें शंभर दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवितात. चौथ्या दिवशीं पहिली व दहाव्या दिवशीं अखेरची मोजणी होते. पंचाहत्तरांहून कमी उगवले, तर तें बीं चाड्यांत पडत नाहीं. मग दाणा कितीही देखणा असो. वाचकांनींही हा प्रयोग अवश्य करून पाहावा. शंभर दाण्यांच्या खर्चांत एक हंगाम वांचतो.