शेवटचे तीन दिवस आणि साडेसात हजार येन

ग्रुप ट्रिपचा पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो. विमानात सेल्फी, उतरल्यावर सेल्फी, पहिल्या जेवणाचा फोटो. खरी परीक्षा असते शेवटच्या तीन दिवसांची. पैसे संपलेले, बॅगा फुगलेल्या, झोप अपुरी आणि जवळच्या मैत्रिणीचा आवाजसुद्धा डोक्यात जायला लागलेला! जपानच्या एका स्टुडंट ट्रिपच्या शेवटाची ही गोष्ट. थोडी गोड आणि बरीचशी बोचरी.

'पॉटमध्ये साडेसात हजार कमी आहेत.'

हिरोशिमाहून ओकायामाला परतणाऱ्या शिंकान्सेनमध्ये आमच्या हिशेबनीस बाईंनी हे वाक्य टाकलं आणि पंधरा जणांचा गोंगाट एका सेकंदात बंद झाला. साल २०१९, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. जपानमध्ये नवे सम्राट गादीवर येऊन महिनाही झाला नव्हता, १ मेपासून 'रेइवा' पर्व सुरू झालं होतं. आणि आम्ही? पुण्यातल्या जपानी भाषेच्या क्लासमधले पंधरा जण, सोबत आमच्या सेन्सेई. कुणी इंजिनिअरिंगचं, कुणी बी.कॉम.चं, मी मास कॉमची. सगळ्यांच्या डोक्यावर जुलैतल्या एन-थ्री परीक्षेची टांगती तलवार. नऊ रात्रींची ट्रिप होती : आधी क्योतो, मग ओकायामात होम-स्टे, मधे एक दिवस हिरोशिमा आणि कान्साई एअरपोर्टवरून परत.

पुण्याच्या पोरांना पैशांची एकच पद्धत माहीत असते, टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. पण परदेशात बस, तिकिटं, लॉकर असल्या गोष्टींना ते चालत नाही. म्हणून प्रत्येकी दहा हजार येनची कॉन्ट्री काढली होती. तेव्हा शंभर येनचे साधारण पासष्ट रुपये पडायचे. म्हणजे तुटीचा आकडा होता जवळजवळ पाच हजार रुपये. नोकरी लागल्यावर एवढे पैसे एका वीकेंडला उडतात. एकविसाव्या वर्षी त्यावरून मैत्री तुटू शकते.

तीन दिवस बाकी : सव्वाआठ वाजलेत

खरं तर तो दिवस पैशांबद्दल बोलण्याचा नव्हताच. सकाळी आम्ही हिरोशिमाच्या पीस मेमोरियल म्युझियममध्ये होतो. मुख्य इमारत दुरुस्तीनंतर महिनाभरापूर्वीच पुन्हा उघडली होती. आत शिरेपर्यंत आमची टिंगलटवाळी चालू होती. मग ते घड्याळ दिसलं. ६ ऑगस्ट १९४५, सव्वाआठ. काटे तिथेच थांबलेले. त्यानंतर लहान मुलाची तीनचाकी सायकल, गंजून वाकडीतिकडी झालेली. बाहेर येताना कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

पार्कमध्ये सादाको सासाकीच्या आठवणीतून उभं राहिलेलं मुलांचं स्मारक आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, ल्युकेमियानं गेली तेव्हा बारा वर्षांची. तिच्या शाळासोबत्यांनी सुरुवात केली, देशभरातल्या मुलांनी पैसे गोळा केले आणि १९५८ मध्ये हे स्मारक झालं. भोवती काचेच्या कपाटांत रंगीबेरंगी कागदी क्रौंच पक्ष्यांच्या माळाच माळा. आम्हीही क्लासमध्ये महिनाभर घड्या घालून हजार पक्षी नेले होते. (त्यातले निम्मे बहुधा कावळे वाटत असतील, पण भावना महत्त्वाची!) २०२४ मध्ये अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या बंद पडलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या माळेचा फोटो टाकला. दोन वर्षांत ग्रुपवर आलेला तो पहिला मेसेज.

तर अशा दिवशी, शांततेच्या शहरातून परत येताना, आम्ही भांडलो.

पावती कुठाय?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो जो सगळ्यांची कामं करतो. आमच्यात तो 'सरपंच' होता. बार्शीजवळच्या गावातून पुण्यात आलेला, हॉस्टेलवर राहणारा. जपानी आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं. पहिल्या दिवशी कान्साईला उतरल्यावर आम्ही सगळे झोपेत चालत होतो, तेव्हा पॉटमधून तीस हजार येन घेऊन यानंच पंधरा 'इकोका' कार्डं आणली. इकोका म्हणजे बस-ट्रेनमध्ये टॅप करायचं कार्ड, आपल्या मेट्रो कार्डासारखं.

हिशेबाच्या वहीत लिहिलं होतं : कार्ड, प्रत्येकी १५०० येन. कारण टॅप केल्यावर स्क्रीनवर दीड हजारच दिसले होते. पंधरा गुणिले दीड हजार, साडेबावीस हजार. मग वरचे साडेसात गेले कुठे?

'मी सगळे मशीनमध्ये टाकले,' सरपंच म्हणाला.

'पावती?'

'नाय ठेवली राव. तुम्ही समदी घाई करत होता.'

आणि मग मी बोलले. आजही ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. 'कालचं घड्याळ केवढ्याला पडलं रे?'

आदल्या दिवशी त्यानं वडिलांसाठी मनगटी घड्याळ घेतलं होतं. साधारण तेवढ्याच किमतीचं. बाकी पैसे जिरवायचे कुठे हा प्रश्न पडलेल्या आमच्यासारख्यांनी मेकअप, स्नीकर्स, किटकॅटची चित्रविचित्र फ्लेवर्स असं काय काय घेतलं, त्याचा हिशेब कुणी मागितला नाही. पण ट्रिपसाठी ज्याच्या घरच्यांनी कर्ज काढलं होतं, त्याच्या एका घड्याळाचा हिशेब मात्र मी भर गाडीत मागितला. विनोदाच्या सुरात. म्हणजे उद्या अंगाशी आलं तर 'मी तर गंमत करत होते' म्हणायची सोय!

तो काही बोलला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या हातात कोन्बिनीतली ओनिगिरी होती. शंभर-सव्वाशे येनचा तो भाताचा त्रिकोण. नऊ दिवस हा पोरगा दुपारी फक्त तेच खात होता, हे माझ्या लक्षात यायला ती गाडी लागली. घड्याळाचे पैसे कुठून आले, याचं उत्तर समोरच होतं. तरी मी गप्प बसले.

दोन दिवस बाकी : अरे, हे तर सिंहगड रोड!

दुसऱ्या दिवशी ओकायामाचं कोराकुएन. जपानच्या तीन सर्वोत्तम बागांपैकी एक, १७०० मध्ये पूर्ण झालेली. शेजारून आसाही नदी वाहते आणि पलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला उभा, त्याला लाडानं 'कावळ्याचा किल्ला' म्हणतात. १९४५ च्या बॉम्बफेकीत तो जळाला, आताचा १९६६ मध्ये पुन्हा बांधलेला.

पुणेकराला मात्र इथे वेगळाच झटका बसतो. तळं, छोटे पूल, कातरलेली झुडपं, लांबवर पसरलेली हिरवळ... 'हे आपण कुठेतरी पाहिलंय!' अर्थात पाहिलंय. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान या बागेच्याच धर्तीवर २००६ मध्ये झालं, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून. 'पूर्वरंग'मधून मराठी माणसाला घरबसल्या जपान फिरवून आणणाऱ्या पु. लं.चं नाव त्याला मिळावं, हे भारीच.

एरवी अशा ठिकाणी आमचे दोनशे फोटो झाले असते. त्या दिवशी ग्रुप फोटोत चौदाच जण आहेत. सरपंच पुलावर एकटा उभा राहून माशांना बघत होता. सेन्सेईंनी सगळं ऐकलं होतं, पण त्या मधे पडल्या नाहीत. मला फक्त एवढंच म्हणाल्या, 'जपानीत माफी मागायचे पाच प्रकार तुला पाठ आहेत ना? मराठीतला एक जमतोय का बघ.'

नाही जमला.

संध्याकाळी होम-स्टेचा निरोप. आमच्या ओबाआसान, म्हणजे आजी, सत्तरीच्या पुढच्या. चार दिवस माझ्यासाठी फिश स्टॉक न घातलेलं सूप वेगळं करत होत्या. मी त्यांना बाकरवडी दिली, त्यांनी मला किबिदांगोचा खोका. ही ओकायामाची खासियत, पिठाचे मऊ गोड गोळे. मोमोतारो नावाच्या लोककथेतल्या पोरानं हेच खाऊ घालून कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना आपले दोस्त केलं म्हणे. जपानी माणूस गावाहून परतताना सगळ्यांसाठी असा खाऊ आणतोच, त्याला 'ओमियागे' म्हणतात. वाटायला सोपं जावं म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक नाणं ठेवलं. पाच येनचं, मधे भोक असलेलं. पाच येन म्हणजे 'गो एन'. आणि 'गोएन' या उच्चाराचा दुसरा अर्थ म्हणजे नातं, योग, आपण ज्याला ऋणानुबंध म्हणतो तो. म्हणून देवळातही लोक हेच नाणं टाकतात. आमची ट्राम वळेपर्यंत आजी रस्त्यावर उभ्या राहून हात हलवत होत्या. मी ट्राममध्ये रडले. थोडं त्यांच्यासाठी, थोडं भलत्याच कारणासाठी.

शेवटचा दिवस : खिडकी क्रमांक दोन

कान्साई एअरपोर्ट समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे, १९९४ मध्ये सुरू झालेला. तिथल्या रेल्वे स्टेशनवर कार्डं परत करायची होती. कार्डातले शेवटचे येन आम्ही व्हेंडिंग मशीनमध्ये कॉफी पिऊन उडवले होते, त्यामुळे काही मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. हिशेबनीस बाईंनी पंधरा कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवला.

पलीकडच्या माणसानं एकेक कार्ड तपासलं, पैसे मोजले, ट्रेमध्ये ठेवले आणि दोन्ही हातांनी पुढे केले.

साडेसात हजार येन.

कार्डाची किंमत दोन हजार. त्यातले दीड हजार प्रवासाचे आणि पाचशे डिपॉझिट. कार्ड परत केलं की परत मिळणारं. पंधरा गुणिले पाचशे. एवढं साधं गणित! जपानी शिकणाऱ्या पंधरा हुशार लोकांपैकी एकालाही तीन दिवसांत सुचलं नाही. कारण आम्ही हिशेब शोधतच नव्हतो, माणूस शोधत होतो. आणि तो पहिल्या मिनिटाला सापडला होता.

मग व्हायचं ते झालं. सगळ्यांनी ओळीत उभं राहून कमरेत वाकून जपानी स्टाइलमध्ये 'सुमिमासेन' म्हटलं. कुणीतरी व्हिडिओ काढला. सरपंच हसला, हात जोडून म्हणाला, 'उठा राव, प्लेन जाईल.' मीही त्या ओळीत होते. तेराव्या नंबरवर, वाकलेली, सगळ्यांसारखी. वाक्य माझं एकटीचं होतं, माफी मात्र मी पंधराव्या हिश्श्याची मागितली.

सात वर्षांनी

सरपंच आज पुण्यातल्या एका आयटी कंपनीत ब्रिज इंजिनिअर आहे, म्हणजे इथली टीम आणि जपानी क्लायंट यांच्यातला पूल. वर्षातले चार महिने तिकडे. परवा तो सुट्टीवर आला तेव्हा आम्ही भेटलो. जागा मीच सुचवली, पु. ल. देशपांडे उद्यान. पाकिटात ते पाच येनचं नाणं घेऊन गेले होते.

मी म्हटलं, 'त्या ट्रेनमधलं घड्याळाचं वाक्य... ते मी बोलायला नको होतं. मी ग्रुपमध्ये सॉरी म्हटलं, ते धरू नकोस. आज म्हणते.'

तो बराच वेळ तळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, 'आबा अजून वापरतेत ते घड्याळ. एकदाच सेल बदललाय.' आणि त्यानं खिशातून पाकीट काढलं. जाडजूड, फुगलेलं. मला वाटलं नोटा असतील. पावत्या होत्या. कॉफीची, पार्किंगची, पेट्रोलची, सकाळच्या पोह्यांची.

'तेव्हापासनं ठेवतो,' तो म्हणाला. 'सवयच लागली.'

मी ते नाणं बाहेर काढलंच नाही. बागेतून निघताना मी चहाचे पैसे दिले आणि टपरीवाल्याकडे पावती मागितली नाही. सरपंच हसला, तेव्हाच्यासारखा नाही, खरा. मला सध्या तेवढं पुरेसं आहे.

चेकलिस्ट : परतीच्या तीन दिवसांसाठी

• कॉमन पैशांचा हिशेब रोज रात्री करा, शेवटच्या दिवशी नव्हे. पावतीचा फोटो लगेच ग्रुपवर टाका.

• ट्रॅव्हल कार्डाच्या किमतीत डिपॉझिट आहे का, ते घेतानाच विचारा. इकोका परत करताना शिल्लक रकमेतून २२० येन फी कापतात, म्हणून कार्ड आधी रिकामं करा.

• नाणी तिथेच संपवा. मनी चेंजर साधारणपणे नोटाच घेतात.

• जपानचा बेत असेल तर जुन्या ब्लॉग्जच्या बजेटवर जाऊ नका. सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला.

• पॉवर बँक केबिन बॅगेत, खाऊचे खोके चेक-इनमध्ये. वजन एअरपोर्टवर नाही, खोलीवर करा.

• कुणाला काही विचारायचं असेल तर एकट्याला गाठून विचारा. माफी मागायची असेल, तरीही!