दोघांचा तोल

डहाणूस आमच्या मेव्हण्यांची चिकूची वाडी आहे. दिवाळीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों असतां एका संध्याकाळीं ओटीवर मोठा वाद माजला. वादाचें मूळ आमची दहा वर्षांची भाची. तलासरीकडील एका शाळेच्या सिमेंटच्या अंगणांत ती गेलीं दोन वर्षें चाकांच्या बुटांवर फिरावयास शिकत आहे. आणि आतां तिला एका तेरा वर्षांच्या मुलाबरोबर जोडीच्या स्पर्धेंत उतरविण्याची परवानगी तिच्या शिक्षकांनीं घरीं मागितली होती. आईची इच्छा होती, वडिलांची अर्धी होती आणि आजींची मुळींच नव्हती. "एकटीनं काय हवं तें कर, पण दुसऱ्याच्या हातांवर आपलं डोकं ठेवायचं, हें मला नाहीं पटत," असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. मुलगा परका म्हणून त्या असें बोलत असाव्यात, अशी बाकीच्यांची समजूत झाली. आम्हांस मात्र त्या बोलण्यांत निराळाच, आणि अधिक खरा, मुद्दा दिसला. त्या मुद्द्याच्या मागें लागून आम्ही जें वाचलें व पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा खेळ मूळचा बर्फावरचा. डहाणू-तलासरीच्या माणसांचा बर्फाशीं संबंध येतो तो झाईच्या किनाऱ्यावर मासळीच्या पेट्यांत, नाहीं तर महालक्ष्मीच्या जत्रेंत गोळ्याच्या गाडीवर! आपल्या देशांत सिमल्यास १९२० सालापासून उघड्यावर पाणी गोठवून केलेलें मैदान आहे, आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिंवाळी स्पर्धांसाठीं डेहराडूनला एक बंदिस्त मैदान बांधलें गेलें. उष्ण प्रांतांतल्या मुलांनीं या कलेस चाकें लावलीं, यांत नवल नाहीं. तीं चाकेंही दूरवर गेलीं. २०१० सालीं चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत चाकांच्या खेळांचा प्रथमच समावेश झाला, आणि तेथें अनुपकुमार यामा व अवनी पांचाळ या जोडीनें भारतासाठीं कांस्यपदक मिळविलें. अनुपकुमारांनीं एकट्यानेंही त्याच स्पर्धांत आणखी एक कांस्यपदक जिंकलें. आमच्या भाचीस हीं दोन्ही नांवें पाठ होतीं. आम्हांस तीं तिच्याकडूनच कळलीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

बर्फावरील जोडीची स्पर्धा ऑलिंपिकमध्यें आली ती १९०८ सालीं, लंडनला. हिंवाळी ऑलिंपिक सुरू होण्याच्या सोळा वर्षें अगोदर. जर्मनीच्या ॲना ह्यूब्लर व हाइन्रिख बुर्गर यांनीं तें पहिलें सुवर्णपदक नेलें. त्या काळीं हा प्रकार म्हणजे हातांत हात घालून डौलानें घसरणें एवढाच होता. आज तो तसा राहिलेला नाहीं. पुरुष स्त्रीला एका हातावर डोक्यापेक्षां उंच तोलून वेगानें मैदान ओलांडतो. तिला हवेंत फेंकतो आणि ती गिरक्या घेऊन एका पायाच्या पात्यावर उतरते. एका प्रकारांत तो एके जागीं रुतून फिरतो आणि ती त्याचा एकच हात धरून, केस जवळ जवळ बर्फाला लागतील इतकी आडवी होऊन, त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढते. या प्रकारास इंग्रजींत मृत्यूचें नांव दिलेलें आहे. डोक्यावर शिरस्त्राण नसतें. मुख्य कार्यक्रम सुमारें चार मिनिटांचा, आणि तो संपेपर्यंत चेहऱ्यावर श्रम दिसतां कामा नये. आमच्याकडील मल्लखांबांतही पडण्याची भीति आहेच. परंतु खांब आपल्या जागीं उभा असतो, त्याला डुलकी लागत नाहीं, त्याचें कोणाशीं भांडण होत नाहीं. येथें खांबही माणूसच!

एकातेरिना गोर्देयेव्हा या रशियन मुलीचें चरित्र आजींच्या शंकेस जितकें लागू पडतें, तितकें दुसरें कोणतेंही आमच्या पाहण्यांत नाहीं. तिचा जन्म १९७१ सालीं मॉस्कोंत झाला. वडील नर्तक होते. चार वर्षांची असतांना ती सैन्याच्या क्रीडामंडळांत बर्फावर उतरली, आणि दहा-अकराव्या वर्षीं तेथल्या शिक्षकांनीं तिची जोडी सेर्गेई ग्रिंकोव्ह या तिच्याहून चार वर्षांनीं मोठ्या मुलाशीं जमविली. मुलांना कोणी विचारलें नव्हतें; उंची, बांधा आणि वेग एवढेंच पाहिलें गेलें. (आपल्याकडे लग्नें जुळवितांना पत्रिका तरी पाहत!) १९८६ सालीं तीं दोघें जगज्जेतीं झालीं, तेव्हां ती अवघी चौदा वर्षांची होती. पुढल्याच वर्षीं साराजेव्होच्या युरोपीय स्पर्धेंत ग्रिंकोव्हच्या पायाशींचा पट्टा सुटला. पंचांनीं थांबण्याची खूण केली, संगीत बंद झालें. तरी दोघेंही तशींच खेळत राहिलीं आणि स्पर्धेंतून बाद झालीं. पट्ट्याची ही क्षुल्लक गोष्ट आम्ही ओटीवर सांगितली, तेव्हां हंसले सर्व. आजी मात्र हंसल्या नाहींत.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरावाच्या वेळीं ग्रिंकोव्हचें पातें बर्फांत अडकलें, आणि वर उचललेली गोर्देयेव्हा डोक्यावर आपटली. मेंदूस हादरा बसून ती कांहीं दिवस रुग्णालयांत होती. ऑलिंपिकला तीन महिने उरले होते. आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी जागा हीच वाटते. अशा वेळीं आईबापांनीं काय करावें? मुलीला घरीं आणावें, तर तिच्या इतक्या वर्षांच्या श्रमांवर पाणी पडतें. आणि एकट्या तिच्याच नव्हे, त्या मुलाच्याही. न आणावें, तर ज्या हातांतून ती निसटली त्याच हातांवर तिला पुन्हां चढवावें लागतें. ती परत गेली. या अपघातानंतर त्याची धरण्याची पद्धतच बदलली, पकड अधिक घट्ट झाली, असें तिनें पुढें आपल्या आठवणींच्या पुस्तकांत लिहिलें आहे. फेब्रुवारी १९८८ मध्यें कॅल्गरी येथें त्या दोघांनीं सुवर्णपदक जिंकलें. ती सोळा वर्षांची होती. आजच्या नियमानें ती तेथें जाऊंच शकली नसती. कारण आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघानें २०२२ सालीं ठराव करून प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्यानें सतरावर नेली. हा ठराव फार उशिरां झाला असें आमचें मत आहे. १९८९ सालीं, शरीर वाढीस लागलें असतां, तिच्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. लहान वयांतील अशा श्रमांचा हिशेब शरीर मागाहून मांडतें.

दुसऱ्या एका मुलीचें उदाहरण याहून भयंकर आहे. येलेना बेरेझ्नाया ही १९९६ च्या जानेवारींत रीगा येथें सराव करीत असतां, शेजारीं गिरकी घेणाऱ्या जोडीदाराच्या बुटाचें पातें तिच्या डोक्यांत घुसलें. शस्त्रक्रिया झाली, कांहीं काळ तिची वाचा गेली. पुढें अंतोन सिखारुलीद्झे या नव्या जोडीदाराबरोबर ती बर्फावर परतली, आणि दोन वर्षांत नागानोला रौप्य व २००२ सालीं सॉल्ट लेक सिटीला सुवर्णपदक घेऊन आली. त्या सुवर्णपदकावरून पंचांच्या पक्षपाताचें जें प्रकरण माजलें, कॅनडाच्या जोडीसही दुसरें सुवर्णपदक द्यावें लागलें आणि गुण देण्याची जुनी पद्धतच मोडीत निघाली, तें सर्वश्रुत आहे.

जोडीदार निघून गेला तर? इरीना रोद्नीनाचा जोडीदार उलानोव्ह प्रतिस्पर्धी जोडींतल्या मुलीशीं विवाह करून १९७२ सालीं तिला सोडून गेला. तिनें झाइत्सेव्ह या नव्या मुलास हातीं धरलें. १९७३ सालीं ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेंत मध्येंच संगीत बंद पडलें, तेव्हां हीं दोघें न थांबतां शेवटपर्यंत नि:शब्द खेळलीं आणि जिंकलीं. रोद्नीनानें ओळीनें दहा वेळां जगज्जेतेपद मिळविलें. परंतु अशी रोद्नीना शंभरांत एक. बाकीच्या मुलींची कारकीर्द जोडीदाराबरोबरच संपते, आणि त्यांत त्यांचा दोष कांहींएक नसतो.

गोर्देयेव्हा व ग्रिंकोव्ह यांचा विवाह १९९१ सालीं झाला, दुसऱ्या वर्षीं मुलगी झाली, आणि १९९४ सालीं लिलेहामर येथें बीथोव्हेनच्या संगीतावर त्यांनीं दुसरें ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलें. २० नोव्हेंबर १९९५ रोजीं अमेरिकेंत लेक प्लॅसिड येथें सराव चालू असतां ग्रिंकोव्ह बर्फावर कोसळला. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आंतून तुंबल्या होत्या, आणि कोणास त्याची कल्पना नव्हती. वय अठ्ठावीस. तिला तेव्हां पंचविसावें वर्ष चालूं होतें, म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य तिनें त्या एका हाताच्या आधारानें काढलें होतें. पुढल्या फेब्रुवारींत हार्टफर्ड येथें त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमांत ती एकटी उतरली. एकटीनें खेळावयाचें कसें हें तिला नव्यानें शिकावें लागलें.

हें सारें आम्ही त्या रात्रीं क्रमाक्रमानें सांगितलें. भाची मध्येंच झोंपली. दुसऱ्या दिवशीं आम्ही सर्व तलासरीला तो सराव पाहण्यास गेलों. वाटेंत एका पाड्यावर तारपा वाजत होता. मधोमध तारपेवाला आणि त्याच्याभोंवतीं एकमेकांच्या कमरेस हात घातलेली वारल्यांची सांखळी, त्यांत पोरेंसोरेंही होतीं. आजींनीं गाडी थांबवावयास लावली आणि बराच वेळ पाहिलें. बोलल्या कांहीं नाहींत.

शाळेच्या अंगणांत शिक्षकांशीं त्यांचें बोलणें सरळ झालें. दोन वर्षें उचलणें-फेंकणें कांहीं नाहीं, शेजारीं शेजारीं फिरणें व हात धरून गिरक्या एवढेंच. डोक्यावर शिरस्त्राण हवेंच, स्पर्धेला नाहीं तरी सरावाला. आणि मुलगी नको म्हणाली त्या दिवशीं बंद. शिक्षकांनीं सर्व मान्य केलें. मग आजींनीं त्या मुलास हांक मारली. तो बिचारा घाबरत घाबरत पुढें आला. "पाय इकडे कर रे बाळ," असें म्हणून त्या हळूहळू खालीं बसल्या, आणि त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या सोडून त्यांनीं पुन्हां स्वतःच्या हातांनीं घट्ट बांधल्या.