होबी १६: जुन्या कॅटामरानची दुरुस्ती आणि उभारणी

होबी १६ ही दोघांनी चालवायची, शिडाची हलकी कॅटामरान. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टर यांनी १९६८ मध्ये होबी १४ ही एकट्याने चालवायची नौका आणली आणि त्यानंतर तिची ही मोठ्या आकाराची बहीण पाण्यात उतरवली. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन सुमारे १४५ किलो आणि डोलकाठी ८ मीटरच्या थोडी वर. आजवर अशा एक लाखाहून अधिक नौका तयार झाल्या. त्यामुळे दुरुस्तीच्या प्रतीक्षेत पडून असलेली जुनी होबी जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर सापडते, आणि नीट उभी केली तर ती शर्यतीतही उतरू शकते.

कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी असते. इथे दोन्ही बाजूंना सारखेच, बंदिस्त हल, म्हणजे नौकेची तरंगणारी अंगे, असतात. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम भरून ते बनवलेले असतात. चार खुंट हलांतून वर येतात, त्यांवर ॲल्युमिनियमची चौकट बसते आणि चौकटीत बसायचे जाडसर कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन, ताणलेले असते. पाण्यात खाली सोडायची फळी या नौकेला नाही. हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असल्यामुळे, वाऱ्याविरुद्ध तिरके जाताना पाण्यात दबलेला हलच नौकेला बाजूला वाहून जाऊ देत नाही. फळी नसल्याने नौका थेट वाळूवर चढवता येते, आणि याच सोयीपायी तिचे तळ झिजतात.

जुनी नौका पारखताना रंगाकडे पाहू नये. उन्हाने फिका पडलेला जेलकोट, म्हणजे सर्वांत वरचा रंगीत थर, घासून उजळता येतो. दोर, तारा, शिडे नवी घेता येतात. खरी किंमत हलच्या कडकपणाची. डोलकाठीच्या पुढचा आणि पुढच्या खुंटांभोवतीचा डेक अंगठ्याने दाबत जावा. दबून पुन्हा वर येणारा भाग म्हणजे आतला फोम थरापासून सुटला आहे. नाण्याने टकटक केली की चांगल्या भागातून खणखणीत आवाज येतो आणि सुटलेल्या भागातून बद्द. असा भाग लहान असेल तर इलाज आहे. आधी हल पूर्ण सुकवायचा. मग त्या जागी फक्त वरच्या थरापुरती बारीक छिद्रे जवळजवळ पाडायची आणि सिरिंजने पातळ एपॉक्सी आत सोडायचे. शेजारच्या छिद्रातून ते वर आले की पहिले बंद करून पुढच्याकडे वळायचे. खुंटांभोवती दूरवर डेक मऊ पडला असेल, तर ती नौका शर्यतीसाठी घेऊच नये.

गळती शोधताना हलमधले हवेचे बारीक छिद्र चिकटपट्टीने बंद करतात, पाणी काढण्याच्या भोकातून तोंडाने हलकी फुंकर घालतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवतात. बुडबुडे येतील तिथे गळती. कॉम्प्रेसर लावणे धोक्याचे, कारण जास्त दाबाने डेकचा सांधाच उकलतो. झिजलेला तळ घासून त्यावर एपॉक्सीत भिजवलेल्या फायबर कापडाचे थर चढवावे लागतात.

चौकटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कोपऱ्यांचे सांधे सैल असले की लाटेवर दोन्ही हल वेगवेगळे हलतात आणि शिडातली ताकद चौकट पिळण्यातच खर्च होते. म्हणून चौकट पूर्ण उघडून साफ करतात, दोन्ही कर्णांची लांबी सारखी भरेपर्यंत जुळवतात आणि मगच पक्की करतात. नव्या शिडांपेक्षा या कामाचा लाभ मोठा असतो.

डोलकाठी धरणाऱ्या स्टेनलेस तारांना दया दाखवू नये. तार जिथे धातूच्या टोकात दाबून बसवलेली असते, तिथे मीठ साचून आतून गंज धरतो. कापडाने पुसताना एक जरी सूत अडकले तरी ती तार बाद. बाजूच्या तारा जोडीनेच बदलाव्यात. डोलकाठीही हवाबंद हवी, कारण तिच्यात पाणी शिरले तर कलंडलेली नौका पूर्ण उलटी होते.

डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहावे. विजेच्या तारेला ॲल्युमिनियमची काठी लागून माणसे दगावली आहेत. त्यानंतर काठीचा वरचा भाग फायबरग्लासचा करण्यात आला. बाजूच्या तारा आधी जोडून एकाने काठी उचलायची आणि दुसऱ्याने पुढची तार अडकवायची. मात्र जिबचा, म्हणजे पुढच्या लहान शिडाचा, दोर ताणला की पुढची तार सैल पडते आणि काठीचा पुढचा सगळा भार जिबच्या कडेतली तार घेते. डोलकाठीचा ताण त्यामुळे याच दोराने ठरतो.

शर्यतीसाठी काठी बरीच मागे झुकवतात, इतकी की मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, पूर्ण ओढल्यावर वरची आणि खालची कप्पी जवळजवळ टेकतात. झुकावामुळे नाक पाण्यात खुपसून नौका पुढे कोलांटण्याचा धोका कमी होतो, पण सुकाणू जड होते. ते हलके करायला सुकाण्यांची पाती खालच्या टोकाला किंचित पुढे आणतात. दोन्ही पाती एकमेकांना समांतर नसतील तर ती ब्रेकसारखी पाणी अडवत राहतात.

होबी १६ या शर्यत-वर्गाचे नियम काटेकोर आहेत. शिडे दोनच, मेन आणि जिब. चालवणाऱ्या दोघांचे मिळून वजन किमान १२९ किलो, कमी पडल्यास तेवढे वजन नौकेत बाळगायचे. या नियमांमुळेच जुन्या नौकेला नव्या नौकेशी टक्कर देता येते. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतही हा वर्ग होता. शर्यतीत वाऱ्याविरुद्ध वळण घेताना मात्र ही नौका वाऱ्याच्या तोंडावर सहज अडकते. म्हणून मेनशीट थोडी सैल सोडतात आणि नाक पलीकडे वळेपर्यंत जिब जुन्याच बाजूला धरून ठेवतात.

किनाऱ्यावर परतल्यावर तारा, कप्प्या आणि सुकाण्यांचे सांधे गोड्या पाण्याने धुतात. हलची बुचे उघडून आत किती पाणी आले ते पाहतात. शिडातल्या बॅटनचा, म्हणजे आकार देणाऱ्या पट्ट्यांचा, ताण आणि जिबचा दोर सैल करून शिडे उतरवतात, कोरडी करून गुंडाळतात आणि ट्रॅम्पोलिनवर आच्छादन घालतात.